दीड लिटर की अडीच लिटर? दोन पिकअप आणि एका हंगामाचं डिझेल

माझे दोन मामेभाऊ राळेगाव तालुक्यात, वडकीपासून आठेक किलोमीटर आतल्या गावात राहतात. शेती एकत्र, चूल एकत्र, गाड्या मात्र दोन. मोठ्याकडे अडीच लिटर इंजिनाची जुनी पिकअप आहे, २०१८ ची, बीएस-४, म्हणजे धुराच्या जुन्या नियमांतली. धाकट्याने ती विकून टाकायचा आग्रह वर्षभर धरला होता. तो जमला नाही तेव्हा त्याने स्वतःच्या नावावर कर्ज काढून दीड लिटरची नवी, बीएस-६ गाडी घेतली. कारण एकच होतं, अॅव्हरेज.

२०२४ च्या दिवाळीनंतर कापसाच्या खेपा सुरू झाल्या आणि पंधरा दिवसांत घरात तोंडं फिरली. डिझेलचा खर्च सामाईक, त्यामुळे मामी एका शंभर पानी वहीत दोन्ही गाड्यांचा हिशेब लिहायची. मी गेलो तेव्हा धाकट्याने ती वही माझ्यापुढे ठेवली. पानांचे कोपरे डिझेलने पिवळे पडलेले. शेवटच्या आठवड्याच्या ओळीत जुन्या गाडीपुढे ११.८ आणि नवीपुढे ११.१.

"दादा, सोळा-सतरा देईन म्हणून सांगतलं होतं मले. हे अकरा कुठून आलं? गाडीच खराब देली त्याहीनं."

मोठा काही बोलला नाही. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं, आणि मला तेच जास्त खटकलं. दोन भावांत अॅव्हरेजवरून अबोला यावा ही गोष्ट लहान नाही. मी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो. मी म्हटलं, गाडी खराब आहे की नाही ते मोजून ठरवू. हंगाम संपेपर्यंत वही मी सांगतो तशी लिहायची. दोघंही तयार झाले.

आधी रस्ता सांगतो, कारण निम्मं उत्तर रस्त्यात आहे. शेतापासून गावापर्यंत अडीच किलोमीटर पांदण, काळ्या मातीची. पुढे वडकीपर्यंत उखडलेली डांबरी. वडकीला नागपूर-हैदराबाद महामार्ग लागतो, ४४ नंबरचा. तिथून वर्धा नदी ओलांडून पोहणा, वडनेर करत हिंगणघाटची बाजार समिती. वडकी ते हिंगणघाट आमच्या मापाने ३१ किलोमीटर. जाताना कापूस किंवा सोयाबीन, येताना बहुतेक वेळा रिकामी.

पहिल्या तीन आठवड्यांचे आकडे मी सरळ फाडून टाकले. टाकी फुल्ल करून मोजायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे, पण पिकअपमध्ये ती फसवते. भरलेली गाडी मागून बसते, रिकामी गाडी मागून उठते, आणि त्याबरोबर टाकीही कलते. वडकीला भरलेल्या गाडीत काठोकाठ टाकायचं आणि हिंगणघाटला रिकाम्या गाडीत काठोकाठ टाकायचं, तर दोन्ही "काठ" वेगळे निघतात. ३१ किलोमीटरला तीनेक लिटरच जळतं. त्यात पाव लिटरची चूक झाली तर अॅव्हरेज एका किलोमीटरने इकडचं तिकडे होतं. आमच्या वहीतला ११.८ आणि ११.१ मधला फरक एवढ्यानेही पडला असता.

म्हणून नियम केला. भरलेल्या फेरीचं माप घ्यायचं तर वडकीला भरलेल्या गाडीत टाकायचं आणि हिंगणघाटला यार्डात शिरण्याआधी, गाडी भरलेली असतानाच, पुन्हा टाकायचं. रिकाम्या फेरीचं माप रिकाम्या गाडीवर, दोन्हीकडे. दर वेळी तोच नोझल, गाडी त्याच फरशीवर, आणि नोझल आपोआप तुटल्यावर फेस बसू देऊन हळूहळू गळ्यापर्यंत. एका खेपेवर विश्वास ठेवायचा नाही. किमान सहा खेपांची बेरीज करून भागायचं.

किलोमीटरही तपासले. महामार्गाच्या कडेच्या किलोमीटरच्या दगडांवर वीस किलोमीटर मोजले, तर जुन्या गाडीचा मीटर २०.६ दाखवत होता. टायर झिजले की चाकाचा घेर कमी होतो, तेवढ्याच रस्त्यात चाक जास्त फिरतं आणि मीटर जास्त किलोमीटर दाखवतो. म्हणजे जुन्या गाडीचं अॅव्हरेज तीन टक्क्यांनी फुगलेलं होतं. नवीचा मीटर जवळजवळ बरोबर निघाला. मोठ्याचं समाधान तिथे थोडं कमी झालं.

आता इंजिनांबद्दल. आपल्याकडे लोक सीसीवरून अॅव्हरेज ठरवतात, आणि त्याला आधार नाही असं नाही. २००५ मध्ये टाटा एस आली, आपला छोटा हत्ती, ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन घेऊन, आणि गावोगावच्या माणसाला कमी डिझेलात माल नेता आला. दुसऱ्या टोकाला बोलेरो पिकअपचं २५२३ सीसी. मध्ये दीड लिटरवाल्या. पण सीसी म्हणजे फक्त सिलिंडरची जागा. टाटाच्या इंट्रा व्ही-३० आणि व्ही-५० दोन्हींचं इंजिन १४९६ सीसीचंच आहे, तरी पहिलीचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, १४० न्यूटन-मीटर आणि दुसरीचा २२०. दीड लिटरचं इंजिन टर्बोच्या, म्हणजे इंजिनाच्या धुराने फिरून जादा हवा आत कोंबणाऱ्या पंख्याच्या, जोरावर कागदावर अडीच लिटरची बरोबरी करू शकतं. तो जोर कुठल्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर) मिळतो हे मात्र सीसीच्या आकड्यात दिसत नाही.

आणि कंपनीचा अॅव्हरेजचा आकडा? आपल्याकडे गाड्यांच्या प्रमाणित चाचण्या पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत, रोलरवर, वेगाचा ठरलेला आराखडा पाळून होतात. त्यात कमाल वेग ताशी ९० आणि सरासरी ३२ च्या आसपास. तिथे पांदण नाही, आणि केबिनच्या वर चार फूट फुगलेला कापूस तर नाहीच. तो आकडा दोन गाड्यांची एका मापाने तुलना करायला आहे. आपल्या खेपेला किती डिझेल लागेल हे त्यातून कळत नाही. शोरूममध्ये सांगितलेले सोळा-सतरा याच अर्थाने खरे होते, आणि धाकट्याच्या कामाचे नव्हते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या मोजमापात काय निघालं ते सांगतो. महामार्गावर, काटा साठच्या आसपास ठेवून. आकडे लिटरला किती किलोमीटर याचे.

रिकामी गाडी: अडीच लिटर १५.२, दीड लिटर १८.७. इथे नवी गाडी सरळ पुढे. सोयाबीन, १३ क्विंटल, पोती फाळक्याच्या आत: अडीच लिटर १२.९, दीड लिटर १४.६. फरक कमी झाला. कापूस, १० क्विंटल: अडीच लिटर १०.९, दीड लिटर ११.४. फरक जवळजवळ मिटला.

मग तोच कापूस, तोच रस्ता, पण धाकटा नेहमी चालवतो तसा काटा ऐंशीकडे: अडीच लिटर ८.९, दीड लिटर ८.४.

हे शेवटचे दोन आकडे वाचताना तो माझ्या शेजारी बसला होता. त्याने बोट ठेवून दोनदा वाचलं.

कापूस सोयाबीनपेक्षा तीन क्विंटल हलका. तरी दोन्ही गाड्यांना जास्त जड का गेला? इंजिनाला दोन गोष्टी ओढाव्या लागतात. एक म्हणजे वजनामुळे टायरला लागणारा रस्त्याचा रेटा. तो डांबरी रस्त्यावर वेगाने फारसा वाढत नाही. दुसरा हवेचा. तो वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो: साठवरून ऐंशीवर गेलं की वेग सव्वापटीपेक्षा थोडा जास्त, पण हवेचा रेटा १.७८ पट. शिवाय तो समोरून दिसणाऱ्या आकारावर अवलंबून आहे. सोयाबीनची पोती केबिनच्या मागे लपतात. कापूस तुडवून तुडवून भरला तरी केबिनच्या वर आणि दोन्ही फाळक्यांच्या बाहेर फुगतो, वरून ताडपत्री फडफडते. मी फूटपट्टीने मोजलं: रिकाम्या गाडीची समोरची बाजू साधारण तीन चौरस मीटर, कापूस भरल्यावर पाचच्या आसपास. म्हणजे वाऱ्याच्या हिशेबाने कापसाची पिकअप म्हणजे जवळपास पावणेदोन पिकअप शेजारी शेजारी.

या ढिगाला ऐंशीने पळवायचं तर दीड लिटरचं इंजिन आपल्या ताकदीच्या शेवटाकडे काम करतं. पोहणा गावाजवळचा पूल ओलांडून वर चढताना धाकट्याला पाचवा पाडून चौथा टाकावा लागायचा, आरपीएम तीन हजारांच्या वर. अडीच लिटरचं तिथे पाचव्यातच ओढत राहतं.

रिकाम्या गाडीत हे उलटं का होतं, हे मी वर्गात पोरांना गोठ्याचं उदाहरण देऊन सांगतो. मोठी बैलजोडी उभी असली तरी वैरण जास्त खाते. मोठ्या इंजिनात पिस्टन मोठे, बेअरिंग मोठी, त्यांच्या घर्षणालाच रोजचं ठरलेलं डिझेल लागतं. ओढायचं काम कमी असलं की हा ठरलेला खर्च डोळ्यांत भरतो. काम वाढलं की तो एकूण खर्चात बुडून जातो. म्हणून लहान इंजिनाचा फायदा हलक्या कामात सगळ्यात जास्त आणि जड कामात सगळ्यात कमी. शिवाय आमची नवी गाडी मुळात वजनानेही हलकी आहे, रिकाम्या फेरीतला काही फायदा त्याचाही आहे. तो इंजिनाच्या खात्यात टाकणं बरोबर नाही.

अमेरिकेत हाच वाद पेट्रोलच्या पिकअपवर झाला. फोर्डच्या २०१५ च्या एफ-१५० मध्ये २.७ लिटरचं टर्बो आणि ५ लिटरचं व्ही-८, दोन्ही मिळत. सरकारी लेबलवर मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीला पहिलीचे गॅलनला २२ मैल, दुसरीचे १८. आपल्या मापात साडेनऊच्या आत आणि साडेसात-पावणेआठ. मागे जड ट्रेलर जोडला की हा फरक तिथेही आटतो. इंजिन अर्ध्याएवढं केलं म्हणून ओढायचं वजन अर्धं होत नाही.

आता पांदण. तिचं माप वेगळं घेतलं, शेत ते गाव अशा वीस फेऱ्या, कोरड्या पांदणीवर, शंभर किलोमीटर, जाताना रिकामी आणि येताना भरलेली. अडीच लिटर ७.१, दीड लिटर ६.६. इथे हवेचा काही संबंध नाही, वेग दहा-पंधराचा. इथे चाकोरीत अडकलेली गाडी बाराशे आरपीएमवर ओढायची असते, आणि टर्बोला त्या वेळी पुरेसा धूरच मिळत नाही. जुनी गाडी नुसत्या क्लचवर उठते. नवीला रेस द्यावी लागते, क्लच अर्धा धरावा लागतो. एकदा अवकाळी पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः नवी गाडी पांदणीतून काढली. काळी माती टायरच्या खाचांत भरून चाक गुळगुळीत झालं होतं. दोनशे फुटांत क्लचचा वास आला आणि मी गाडी थांबवून चाकं खरवडली.

पांदणीवर नवी गाडी मागे पडण्याचं आणखी एक कारण होतं, आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण गावात कुणी ते सांगत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. या गाड्यांच्या सायलेन्सरच्या रस्त्यात काजळी धरणारी जाळी असते, डीपीएफ. ती भरली की इंजिन जादा डिझेल देऊन धूर साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापवतं आणि काजळी जाळून टाकतं. याला सलग वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर पळणारी गाडी लागते. शेत ते गाव अडीच किलोमीटर, मग गाडी बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. जाळणं सुरू होतं आणि अर्धवट राहतं. जादा डिझेल तर गेलंच, त्यातलं काही सिलिंडरच्या कडेने खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिसेंबरात धाकट्याच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला होता. तो आठवडाभर तसाच चालवत राहिला, त्याला वाटलं सेन्सर खराब झाला. मी डिपस्टिक काढून पाहिली तर ऑइल खुणेच्या वर, आणि बोटांवर चोळलं तर पातळ. ऑइल बदललं, गाडी महामार्गावर चौथ्या गिअरमध्ये अर्धा तास सलग चालवली, दिवा विझला. वहीतल्या पहिल्या पंधरवड्यातला ११.१ कुठून आला याचं एक उत्तर हेही होतं.

या ठिकाणी तुलना पूर्ण सरळ नाही हे मान्य करतो. एक गाडी जुनी, जाळी नसलेली. दुसरी नवी, जाळीवाली. निव्वळ इंजिनाच्या आकाराचा फरक काढायचा तर दोन्ही बीएस-६ हव्यात. पण घरात ज्या दोन गाड्या उभ्या होत्या, त्यांतूनच निवड करायची होती.

मामीने मग वेगळाच प्रश्न विचारला. "लिटरले किती किलोमीटर ते तुमी पाहा. मले सांगा, एका क्विंटलले किती डिझेल?"

आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात हा प्रश्न आला नव्हता. हिशेब मांडला. कापूस, दोन्हीकडे १० क्विंटल, साठच्या वेगाने, वडकी ते हिंगणघाट जाऊन-येऊन: जुनीला ४.८८ लिटर, नवीला ४.३८. फरक अर्ध्या लिटरचा, डिझेल नव्वद रुपये धरलं तर ४५ रुपये. ऐंशीच्या वेगाने भरलेली गाडी नेली आणि रिकामी साठने आणली तर जुनीला ५.५२, नवीला ५.३५. म्हणजे गाड्या बदलून जेवढं वाचतं, त्याच्या जवळजवळ दुप्पट नव्या गाडीत पाय हलका ठेवून वाचतं. आणि ३१ किलोमीटरला ऐंशीने वेळ वाचतो आठ मिनिटं. यार्डात रांग असली की ती आठ मिनिटं दारातच संपतात.

रांगेवरून आठवलं. जुन्या गाडीची बॅटरी कमजोर, म्हणून मोठा रांगेत इंजिन चालूच ठेवायचा. हंगामात अडीच-तीन तासांची रांग ठरलेली. टाकी कलण्याची चूक धरूनही तेवढ्या वेळात दीड लिटरच्या आसपास डिझेल जात होतं, म्हणजे गाड्यांमधल्या फरकाच्या तिप्पट, आणि एक इंचही पुढे न जाता. जानेवारीत नवी बॅटरी घेतली.

सोयाबीनचा हिशेब सगळ्यांना अनपेक्षित निघाला. त्या वर्षी हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजार त्याच्या खाली, म्हणून घरात साठेक क्विंटल ठेवलेला होता. जुनी गाडी कागदोपत्री मर्यादेत राहून १५ क्विंटल नेते, नवी १३. पंधरा क्विंटलला जुनीचं अॅव्हरेज १२.६ पडलं, जाऊन-येऊन साडेचार लिटर, चार खेपा, एकूण १८ लिटर. नवीला खेपेला ३.७८ लिटर, पण खेपा पाच, एकूण १८.९. अॅव्हरेज कमी असलेल्या गाडीने तेवढाच माल कमी डिझेलात नेला, एक दिवस आणि एका हमालाची मजुरी वाचवून. धाकटा म्हणाला, मीही पंधरा भरतो. मोठ्याने त्याला तिथल्या तिथे थांबवलं, आणि बरं केलं. स्प्रिंगच्या पाट्यांवर आणि ब्रेकवर दोन क्विंटलचा जादा भार रोज टाकून वाचवलेलं डिझेल एका टायरच्या किमतीत जातं, आणि उतारावर ब्रेक लागला नाही तर हिशेबच उरत नाही.

त्यांनी पुढचं आपसात ठरवलं, मी बोललो नाही. पांदणीतून माल गावापर्यंत काढायचं काम जुनीचं, सोयाबीन-तूर जुनीच नेणार. नवी गाडी वडकीच्या बाजाराला भाजी, दूध, किराणा, हलकी आणि लांबची कामं करणार; तिथे ती लिटरमागे तीन-साडेतीन किलोमीटर जास्त देते आणि तिच्या जाळीलाही सलग रस्ता मिळतो. कापूस दोघांपैकी जी मोकळी असेल ती नेईल, साठने. आणि हिंगणघाटहून रिकामं यायचं नाही. गावात पंधरा-वीस घरी जनावरं आहेत, सगळे सरकीची ढेप विकत घेतात. मोठ्याने चार घरांची ढेप आणायला सुरुवात केली. पोत्यामागे मिळणारं भाडं परतीच्या डिझेलपेक्षा जास्त होतं.

एक गोष्ट अजून मोजायची राहिली आहे. फेब्रुवारीच्या शेवटच्या दोन खेपांत धाकट्याने कापूस केबिनच्या वर चारऐवजी तीन फूटच भरला, ताडपत्री फडफडू नये म्हणून दोर आडवे-उभे आवळून बांधला, आणि अर्धा-पाऊण क्विंटल घरी ठेवला. दोनच खेपा, म्हणून आकडा वहीत लिहू दिला नाही मी. पुढच्या सीतादहीनंतर, म्हणजे कापूस वेचणीच्या सुरुवातीच्या पूजेनंतर, सहा खेपा तशा करायच्या आहेत. मामीने नवी वही आणून ठेवली आहे, आणि पहिल्या पानावर रकाने आखताना "किलोमीटर" च्या आधी "क्विंटल" लिहिलंय.